शंभरनंबरीचा अंगठा

ज्या आमदाराला सगळे शंभरनंबरी म्हणत, त्याच्या अंगठ्याइतका आज्ञाधारक अंगठा त्या सभागृहाने पाहिला नव्हता. तो मालकाचं ऐकत नसे, मंचाचं ऐके. मंच म्हणजे कारखानदारांचा. वर्षातलं शेवटचं अधिवेशन संपलं की मंच प्रत्येक आमदाराची मतं तपासून शंभरापैकी गुण द्यायचा आणि जाड कार्डावर छापून घरी धाडायचा. मंचाविरुद्ध बटण दाबलं की गुण कापले, गैरहजर राहिलं तरी कापले. शंभरनंबरीला अकरा वर्षांत एकदाही शंभराखाली मिळाले नव्हते. एकदा म्हणे ताप इतका चढला होता की कपाळावरची ओली पट्टी इस्त्री केल्यासारखी वाळत होती. स्ट्रेचरवरून सभागृहात आणला. शुद्ध नव्हतीच, पण अंगठा आपणहून उठला, नेमकं बटण दाबलं आणि परत चादरीत शिरला. खोटं वाटत असेल तर स्ट्रेचरवाल्यांना विचारा. दोघंही वारले, ही गोष्ट वेगळी.

मंचाची रीत साधी होती. लिहून काही द्यायचं नाही. मतदानाआधी मंचाचा माणूस बसच्या तिकिटाएवढा कागद आणून द्यायचा, हिरवा किंवा लाल. आमदाराने तो तळहाताखाली धरायचा, त्याच रंगाचं बटण दाबायचं, कागद गिळला तरी चालेल पण शेजाऱ्याला दाखवायचा नाही.

या खेपेला लाल कागद दोन दिवस आधीच आला होता. विधेयक होतं धुळीने छाती गेलेल्या कामगारांना जन्मभर औषधपाणी देण्याचं, तेही मालकांच्या खर्चाने. मंच कसला हिरवा देतोय! आणि निवडणूक तोंडावर होती. शंभर असेल त्यालाच मंच उभा करणार, बाकीच्यांनी घरी बसून बागकाम करावं, असं मंचाने स्वच्छ सांगितलं होतं.

अडचण एकच, आणि ती घरातच खोकत होती.

अक्का, त्याची थोरली बहीण. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा. अक्काने बावीस वर्षं दगड दळण्याच्या कारखान्यात पाट्या उचलल्या, त्याला वकील केला, लग्न लावून दिलं आणि त्या बदल्यात छातीत दोन मुठी दगडाचं पीठ घेऊन घरी आली. चार शब्दांचं वाक्य ती आता तीन श्वासांत बोलायची.

“या वेळी... हिरवं ना रे?”

“अक्का, तुझ्या पायाची शपथ. तुझ्यासाठी नाही दाबणार तर कुणासाठी?”

“पाय सोड. पायांनी... काय बिघडवलंय तुझं?”

कोटाला ब्रश करताना वरच्या खिशातला लाल कागद तिला केव्हाच सापडला होता. तिने तो होता तसा ठेवला, ब्रश मात्र त्या दिवशी जरा जोरात फिरवला.

मतदानाच्या सकाळी शंभरनंबरी चहा न पिताच सटकला. अक्काच्या समोर बसून बिस्कीट बुडवायची त्याची छाती होईना. तिचा फोन यायला नको म्हणून फोनही उशीखाली ठेवला.

तो कोपऱ्यावर वळला असेल नसेल, तोच मंचाचा माणूस धापा टाकत दारात. “साहेब कुठेत? फोन का उचलत नाहीत?”

“गेला. काय... काम?”

“अहो, सगळं उलटं झालं! खर्च मालकांवरून काढून सरकारी तिजोरीवर टाकला. आता मालकांचा काही आक्षेप नाही. हा कागद बदलायचाय.” त्याने हिरवा कागद काढला. “मला अजून आठ घरं गाठायचीत. तुम्ही पोचवाल?”

अक्काने कागद असा घेतला की जणू भावाचा पहिलीचा निकाल. औषध मिळणार म्हणून आनंद होताच. पण भाऊ खोटा पडणार नाही, याचा जास्त. भावजय म्हणाली, “अहो अक्का, तुम्ही कशाला? मी जाते.”

“तू नको. मला... त्याचं तोंड बघायचंय.”

ती रिक्षाने गेली. विधानभवनाच्या खालच्या दालनात तिला तो पाठमोरा दिसला, लिफ्टच्या रांगेत. तिने हात वर केला. त्यानेही वळून पाहिलं. हिरवा कागद तिच्या मुठीत होता. त्याला दिसली फक्त अक्का, डोळे पाणावलेली, आपल्याकडे येणारी. आली विनवायला, त्याच्या मनात आलं. चार लोकांत पाय धरेल.

आणि शंभरनंबरीने आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली. लिफ्टची रांग सोडून तो जिन्याकडे वळला. एकशे चार पायऱ्या. जगात एकच माणूस असं होतं की ज्याला त्या चढता येणार नव्हत्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वळणावर त्याने मागे पाहिलं. अक्का कठडा धरून सातव्या पायरीवर उभी होती. तोंड उघडं, हात वर, आवाज नाही. तिचं तोंड त्याच्या नावाच्या आकाराचं झालं होतं. तो दोन दोन पायऱ्या चढू लागला.

लिफ्टने ती प्रेक्षकांच्या सज्जात पोचली तेव्हा घंटा वाजत होती. तिने हिरवा कागद सज्जावरून हलवला. पहारेकरीण धावली. “बाई, खाणाखुणा करायच्या नाहीत इथे!”

“माझा... भाऊ...”

“सगळ्यांचेच भाऊ आहेत खाली. चला बाहेर!”

खाली शंभरनंबरीने मान वर केलीच नाही. शेजारी मंचाचाच एक टकलू आमदार बसला होता. त्याच्या बोटांच्या फटीतून हिरवी कड डोकावली. शंभरनंबरीला हसू आवरेना. फुटला बेटा! गेले याचे गुण! मग त्याने तळहाताखाली लाल कागद सारखा केला, आणि तो इमानी अंगठा खाली आला.

फळ्यावर आकडे उमटले. बाजूने साठ, विरोधात एकसष्ट. विधेयक एका मताने पडलं. मंचाच्या बाकी आठही जणांचे दिवे हिरवे होते. मंचाच्या बाकांवर एकच दिवा लाल होता, आणि तो कुणाचा हे बघायला टकलू चष्मा पुसून वाकला.

“का हो,” त्याने फार प्रेमाने विचारलं, “घरी सगळं ठीक ना?”

आठवड्याने कार्ड आलं. शहाण्णव. टकलूची उमेदवारी पक्की झाली, शंभरनंबरीची कापली गेली. भावजयीने भिंतीवर अकरा कार्डांशेजारी बारावी चौकट आधीच टांगून ठेवली होती, ती रिकामीच राहिली.

त्या दुपारी शंभरनंबरी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून ओरडला, “एक हाक मारता आली नाही तुला? एक हाक! मी थांबलो नसतो का?”

अक्काने पाण्याचा घोट घेतला. “मारली की.”

“कधी? मला ऐकू नाही आली!”

“तुला... दिसली.”

त्याची मूठ टेबलावरच राहिली. अक्का उठली, कपाटातून चुरगळलेला हिरवा कागद काढला, बोटाने नीट सपाट केला आणि बाराव्या चौकटीच्या काचेमागे सरकवला. चौकट उतरवायला भावजय पुढे झाली, तर अक्का म्हणाली, “राहू दे. त्याच्या... खुर्चीसमोरच... राहू दे.”

त्यानंतर ती सात महिने जगली. औषध नव्हतंच. शंभरनंबरीला काही काम उरलं नव्हतं, त्यामुळे तो दिवसभर त्याच खुर्चीत असायचा. शेजारच्या खोलीतला एकेक श्वास त्याच्या कानावर यायचा, आणि टेबलावर पडलेला त्याचा अंगठा प्रत्येक श्वासाला दाबला जायचा. लाकडाला तिथे खळगा पडलाय. त्यात चमचाभर पाणी राहतं, असं टेबल विकत घेणारा सांगतो.