अक्षता आणि ग्राफिक्स कार्ड

लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर अडकत होता. मंगलाष्टकातल्या अक्षता हवेतच थिजायच्या. म्हणून टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी नांदेडहून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. तरी तेच! दुकानदाराशी भांडून दुसरं आणलं, मग तिसरं. भोकर-नांदेड खेपा करून पार पिट्टा पडला.

शेवटी चिडून सीपीयू पुन्हा उघडला आणि कार्ड नीट निरखलं. कार्डाच्या पंख्यात कुंकू लावलेले तांदूळ अडकले होते.

"लता, हे काय?" मी बायकोवर ओरडलो.

"नवी वस्तू पूजेबिगर बसवायची का? तिन्ही कार्डांवर मीच अक्षता वाहिल्या."

चिमट्यानं तांदूळ काढले. पडद्यावरच्या अक्षता एकदाच्या जोडप्याच्या डोक्यावर पडल्या. सुस्कारा टाकून वळलो, तर लता ताट घेऊन उभी.

"चाललं न्हाई का शेवटी? सरका, ओवाळू द्या."