वरील व्यवहार माझेच

फॉर्म हिंदीत होता आणि त्याची शेवटची ओळ ठळक अक्षरांत छापलेली होती: उपर्युक्त लेन-देन मेरे द्वारा नहीं किए गए हैं. त्या ओळीखाली सहीची रिकामी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाशी यशदीपचं बोट.

"मम्मी, यहाँ साइन करो. बाकी मैडम देख लेंगी."

शांता रामटेके यांनी पेन उचललं. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या महिला वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून त्यांनी रोज किती कागदांवर सह्या केल्या असतील, याची गणती त्यांनाही नव्हती. सही करताना त्यांचा हात कधी थांबत नसे. आज थांबला.

काउंटरच्या पलीकडे बसलेली गंधाली रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातली मुलगी होती. बोलणं मऊ, नजर घड्याळाकडे. तिनं यशदीपची तक्रार आधीच ऐकून घेतली होती. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात तो शिफ्ट सुपरवायझर. आईच्या पगारावर क्रेडिट कार्ड काढून दिलं होतं त्यानंच, आणि बँकेत नंबर दिला होता तोही स्वतःचा. ओळखीतल्या बहुतेक घरांत असंच असे. कमावणारी कोणीही असो, तिच्या पैशाचा निरोप मुलाच्या खिशात वाजे. रोजचे मेसेज बाकीच्या शेकडो मेसेजांत बुडून गेले होते. महिनाअखेरचं स्टेटमेंट उघडलं तेव्हा मात्र त्याला सलग तीन मंगळवारी एक अनोळखी नाव दिसलं. कोणती तरी लेझर अँड हॉस्पिटॅलिटी कंपनी, गाव गुरुग्राम. शोधलं तेव्हा कळलं, ती नवा रायपुरातलं क्रीडा आणि मनोरंजन संकुल चालवते. मम्मी तिन्ही मंगळवारी ड्यूटीवर. मग त्या झगमगाटात कार्ड घेऊन कोण गेलं?

परवा संध्याकाळी त्यानं हे घरी विचारलं, तेव्हा शांताबाई पोळ्या लाटत होत्या. विचारलंही नव्हतं, सांगितलंच होतं की फ्रॉड झालाय, गुरुवारी बँकेत जायचंय. सून रीना म्हणाली, जमाना खराब आहे. शांताबाईंनी पोळी उलटली. एक शब्द बोलायचा तर त्यामागे सगळंच बोलावं लागलं असतं. त्यांना वाटलं, दोन दिवसांत हे विरून जाईल. तापासारखं.

"आणि इथं," गंधालीनं पेन्सिलनं एक चौकट दाखवली, "कोणावर संशय असेल तर नाव लिहा काकू. पोलिसांत तक्रार द्यायची झाली तर हेच पुढं जातं. आणि ज्या बुकिंगचे पैसे कापलेत, ती बुकिंग रद्द होतील."

"तुळशीराम," यशदीप म्हणाला. "ऑटोवाला. उन्हीं में से एक दिन मम्मी का पर्स दिनभर उसके ऑटो में पड़ा था. एक मंगलवार तो पक्का मिल गया न."

शांताबाईंनी मान वर केली. त्यानं त्याच सपाट आवाजात सांगितलं की काल तो ऑटो स्टँडवर जाऊन आला. सगळ्यांसमोर विचारलं त्याला. बुढ्ढा एकच गोष्ट बोलत राहिला, दीदी ला पूछ लेवव, दीदींनाच विचारा. आपल्या तोंडातून काही निघू दिलं नाही.

निघू देणार तरी कसं? पहिल्याच रविवारी शांताबाईंनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, घरी कळू देऊ नको. तो 'हव दीदी' म्हणाला होता आणि मग त्या विषयावर त्यानं विचार करणंही सोडून दिलं होतं. अकरा वर्षं तो त्यांना दवाखान्यात नेत-आणत होता. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान देवीदास गेले त्या पहाटे त्याच्याच ऑटोनं त्या दोघांना दवाखान्यात नेलं होतं, आणि एकटीला परत आणलं होतं.

शांताबाईंच्या डोळ्यांसमोर स्टँड आला. टपरी, कडुनिंब, आणि चार जणांच्या मधोमध उभा असलेला एक माणूस, ज्याच्याजवळ खरं उत्तर आहे आणि जो ते देत नाही.

त्या क्षणी समोरच्या फॉर्मखालून जणू दुसराच एक कागद वर आला. डोंगरगढ, शाळेचं मैदान, वय सतरा. गोळाफेकीत राज्याच्या संघात निवड झालेली. वडिलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला होता, सुवाच्य अक्षरात: प्रकृती ठीक नसल्यामुळे मी स्वेच्छेने नाव मागे घेत आहे. आयुष्यात ती पोर तेवढी निरोगी पुन्हा कधीच नव्हती. लग्न ठरलं होतं, आणि हाफ पँटीतला फोटो वर्तमानपत्रात आला तर सासरचे काय म्हणतील, एवढंच कारण होतं. खाली सही तिची. तीही कोणी जबरदस्तीनं घेतली नव्हती. एक बोट रेघेच्या टोकाशी टेकलेलं होतं, इतकंच. त्यानंतर तिनं लोखंडाचा गोळा हातात घेतला नाही. माणसं मात्र उचलली. स्ट्रेचरवरून खाटेवर, खाटेवरून टेबलावर. वॉर्डात कोणी भारी बाई आली की हाक पडे, शांतादीदीला बोलवा.

सहीला आकार येईल इतकं वजन पेनाला असतं. ते वजन त्यांनी तोलून पाहिलं, आणि पेन फॉर्मवर आडवं ठेवलं.

"हे खर्च माये आहेत," त्या म्हणाल्या.

गंधालीनं घड्याळावरची नजर काढली. यशदीप हसला, जसं रुग्ण वातात बोलला की नातेवाईक हसतात.

"मम्मी, मंगलवार को आप ड्यूटी पे थीं."

"मंगळवारी होती. रविवारी नव्हती. रविवारी मी ड्यूटीचं नाव सांगून तिथं गेली. तीन रविवार. तुळशीराम घेऊन गेला मले, अन् बाहेर बसून राहिला."

गंधालीनं स्टेटमेंट स्वतःकडे वळवलं. तिच्या आवाजातला मऊपणा आता कामाचा झाला. कार्ड ज्या दिवशी लावतो, तीच तारीख दर वेळी छापून येते असं नाही, ती यशदीपला म्हणाली; मधे सुट्टी असली की कंपनीकडून पैशाची मागणी एक-दोन दिवसांनी पोचते, आणि या कागदावर तीच तारीख आहे. नाव मशिनच्या मालकाचं येतं, दुकानाचं नाही. म्हणून मैदान इथलं आणि गाव गुरुग्राम. ही छोटी रक्कम कापून परत आलेली दिसते ती लॉकरची अनामत असेल.

"हव. चाबी परत केली की देतात," शांताबाई म्हणाल्या. "हे मैदानाचं भाडं. हे जेवणाचं. तुळशीराम बी जेवला, उपाशी ठेवू का त्याले? अन् हे मोठं आहे ते नाव नोंदवल्याचं. येत्या रविवारी म्हाताऱ्या लोकायची स्पर्धा आहे. गोळाफेक."

काउंटरच्या रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या. यशदीपचा चेहरा लाल झाला. भट्टीसमोर उभा राहूनही तो असा होत नसावा.

मग शांताबाईंनी सांगितलं, रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात. दोन महिन्यांपूर्वी शाळांच्या स्पर्धेला दवाखान्यातून प्रथमोपचाराच्या तंबूत त्यांची नेमणूक झाली होती. दुपारी एक गोळा घरंगळत त्यांच्या खुर्चीपाशी आला. एका मुलीनं लांबून हाक मारली, आंटी, बॉल देना. त्यांना तो नुसता ढकलता आला असता. पण हात खाली गेला, बोटं त्याच्या गारव्याभोवती मिटली, आणि बेचाळीस वर्षं जिथं काही नव्हतं तिथं, कानाखाली, हनुवटीच्या खोबणीत, तो जाऊन बसला. आपलं घर ओळखल्यासारखा. त्यांनी फेकला. त्या मुलीच्या खुणेच्या पुढे पडला. मुलीच्या कोचनं येऊन फक्त वय विचारलं.

"आपने बताया क्यों नहीं?" यशदीपचा आवाज खाली आला होता.

"तू मले इचारलं कुठं? तू त तुळशीरामले इचारलं."

त्यानं रांगेकडे चोरून पाहिलं. मग पुटपुटला की या वयात गोळा, लोक काय म्हणतील, खांदा तुटला तर कोण बघणार.

"चौतीस वर्षं या खांद्यानं लोकायच्या माय-बहिनी उचलल्या, बापा. तवा कोनी नाही म्हणलं, शांताबाई, तुटन म्हणून."

गंधालीनं खाली पाहत फॉर्म उचलला आणि तक्रार रद्द असं लिहून शांताबाईंसमोर ठेवला. यावर सही लागेल काकू, ती म्हणाली. या वेळी रेघेपाशी कोणाचंच बोट नव्हतं. शांताबाईंनी पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, एकेक अक्षर वेगळं. आणि मग दुसरा एक फॉर्म मागितला, मोबाइल नंबर बदलण्याचा. स्वतःचा नंबर त्यांना पाठ नव्हता. पर्समधल्या चिठ्ठीवरून उतरवून घेतला.

"मम्मी, ये सब करने की क्या ज़रूरत है?"

"आहे," त्या म्हणाल्या. "चल स्टँडवर. जिथं इचारलं तिथंच सांग."

त्यानं प्लांटच्या बसची वेळ सांगितली आणि मोटारसायकलची किल्ली काढली. त्यांनी आग्रह केला नाही.

स्टँड बँकेपासून दहा मिनिटांवर होता. ऑटोंची रांग सडकेला लागून उभी, नंबरानं. ज्याचा पहिला नंबर त्याला पहिली सवारी. हा नियम तिथं कोणी लिहून लावलेला नव्हता, पण तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. तुळशीरामचा ऑटो रांगेत नव्हता. तो कडुनिंबाखाली वेगळा उभा होता, तोंड भिंतीकडे करून. कालपासून त्याला नंबर दिलेला नाही, हे शांताबाईंना कोणी सांगावं लागलं नाही.

रांग लावणारा बंडू पुढे आला. पहिल्या ऑटोकडे हात केला, बैठो दीदी.

"नाही बसत," शांताबाई म्हणाल्या. "आधी ऐका. काल माया पोरगा इथं येऊन जे बोलला ते खोटं होतं. कार्ड माय होतं, पैसे माये होते, खर्च मीच केला. या माणसाले माहीत होतं, अन् मी त्याले बोलू नको म्हणलं होतं. चूक माई आहे. त्याचा नंबर द्या."

बंडूनं तंबाखू थुंकली. जरा थट्टेनंच विचारलं, एवढं काय खर्च केलं दीदी, की लपवावं लागलं?

"गोळा फेकते मी. लोखंडाचा. तीन किलोचा. येजा रविवारी पाहाले."

कोणी हसलं नाही. बंडूनं रांगेकडे पाहिलं, मग कडुनिंबाकडे, आणि हातानं खूण केली. तुळशीरामनं ऑटो वळवून आणला. त्याला नियमाप्रमाणे जागा मिळाली, शेवटची. त्याच्यापुढे पाच जण होते. दीदी, आज मत अगोरव, तो हळूच म्हणाला. वाट पाहू नका, पुढचा ऑटो घ्या.

शांताबाई पहिल्या ऑटोजवळून निघाल्या आणि शेवटच्या ऑटोच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. उन्हात, कारण कडुनिंबाची सावली तिथवर पोचत नव्हती. टपरीवाल्यानं स्टूल दाखवलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. एक सवारी आली, एक ऑटो गेला, रांग एका ऑटोएवढी सरकली, त्याही सरकल्या. मधेच पर्समध्ये फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता: नंबर बदलण्याची विनंती मिळाली. त्यांनी तो दोनदा वाचला. सडकेपलीकडे एक मोटारसायकल उभी होती, इंजिन चालू. चालवणारा हेल्मेट काढत नव्हता आणि जातही नव्हता. प्लांटची बस केव्हाच निघून गेली असणार.

तिसरा गेला. चौथा. पाचव्यासाठी बराच वेळ कोणी आलं नाही, आणि त्यांच्या पाठीवर ब्लाउज ओला झाला. उजवा खांदा दुखत होता. नव्यानं, चांगला दुखत होता.

शेवटी तुळशीरामचा नंबर आला. त्यानं सीटखालून गमछ्यात गुंडाळलेला त्यांचा सरावाचा गोळा काढला आणि नेहमीप्रमाणे तो त्यांच्या पायांशी, साडीच्या आड, ठेवायला वाकला. शांताबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला. गमछा सोडून, घडी करून त्याला परत दिला. आणि उघडा गोळा सीटवर ठेवला, आपल्या बाजूला, जिथं माणूस बसतो तिथं.