पिशवी नको

२००७च्या उन्हाळ्यात माझ्या बायकोने, सुप्रभाने, दुकानातून प्लास्टिकची पिशवी घेणं बंद केलं. आम्ही दोघंही नुकतेच रिटायर झालो होतो. इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये राहायचो. तिने अठ्ठावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात डॉक्टर म्हणून काढली, मी एक्स-रे विभागात. सिंकखालचं कपाट उघडलं की पिशव्यांचा ढीग पायावर यायचा. "हे सगळं आपण दोघांनी एका हिवाळ्यात आणलंय," ती म्हणाली, आणि जुन्या पडद्याच्या दोन पिशव्या शिवल्या. टोमॅटो सुटे घ्यायला लागली. प्लास्टिकात गुंडाळलेली काकडी दिसली की तशीच परत ठेवायची.

"आता दूध ओंजळीतून आण," मी चिडवायचो.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ती नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये गेली. मी कारमध्ये पेपर वाचत बसलो. बराच वेळ झाला म्हणून मान वर केली, तर काचेच्या दाराआड ती सिक्युरिटी गार्डसमोर उभी दिसली. कुणी जुनी ओळख निघाली असेल असं वाटलं आणि मी पान उलटलं. थोड्या वेळाने ती आली, सीटबेल्ट लावला आणि "चला" एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यापासून ती पुन्हा दुकानातल्या पिशव्या आणू लागली. पातळ, पांढऱ्या, दर खेपेला चार-पाच.

"संपला वाटतं उत्साह," मी म्हणालो. ती पिशव्या रिकाम्या करत राहिली.

महिन्याभराने फरसबी निवडता निवडता तिने आपणहून सांगितलं. दुकानाची पिशवी दिसली नाही म्हणून गार्डने तिला अडवलं होतं. पावती ती पैसे देताना टिलवरच सोडून आली होती.

"तिथेच, ट्रॉल्यांशेजारी, एकेक वस्तू बाहेर काढायला लावली. दूध, ब्रेड, तुमचं शेव्हिंग क्रीम. लोक थांबून बघत होते. त्यात एक बाई होती, तिच्या मुलाच्या दम्यावर मी सहा वर्षं उपचार केलेत. तिने मला ओळखलं आणि मान फिरवली."

"मग?"

"टिलवरच्या मुलीने येऊन सांगितलं, यांनी पैसे दिलेत म्हणून. तो सॉरी म्हणाला. मग मी सगळं परत भरलं."

"अगं, मला हाक नाही का मारायची?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "तुम्ही बघितलंत ना माझ्याकडे. मला वाटलं, येताय."



त्या संध्याकाळी मी दुकानाच्या मॅनेजरला पत्र लिहायला बसलो. "नको," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल."

शनिवारी कापडी पिशवी घेऊन मीच आत गेलो. ती कारमध्ये थांबली. निघताना मी पावती खिशात घातली, भरलेली पिशवी खांद्याला लावली आणि गार्डच्या अगदी समोरून सावकाश चालत गेलो. त्याने अडवावं, अशी माझी इच्छा होती. मनात इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली होती.

"हॅव अ गुड डे, सर," तो म्हणाला.

मी कारमध्ये येऊन बसलो.

"अडवलं?" तिने विचारलं.

"नाही."

तिने मान हलवली. ती समोरच्या ट्रॉल्यांकडे पाहत होती.

"मग आता तुम्हीच जात जा," ती म्हणाली.

तेव्हापासून मीच जातो. पिशव्या ती धुते, इस्त्री करते. त्या दुकानात मात्र तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.