काचेतलं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. इतकी वर्षं झाली तरी माझा रंग उडालेला नाही आणि त्याचीच मला लाज वाटते.

नाशिकजवळच्या एका संस्थेच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये १९९६ साली माझा जन्म झाला. तिथे बायका दिवसभर उभ्या राहून घड साफ करत आणि पेटीत भरत. त्यांतली सगुणाबाई एकदा फिटर लहानूला म्हणाली, "लहानूभाऊ, कंबर पार गेली बघा. टेबलाला पुरंल असं उंच कायतरी बसायला करा ना."

लहानूने उरलेले पाइप जोडले, बसायला जुना पट्टा ताणून बसवला आणि पाय ठेवायला आडवी सळई लावली. सगुणाबाई त्या दिवशी माझ्यावर बसून काम करत होती. संध्याकाळी ती हसत घरी गेली. मला फार आनंद झाला.

मॅनेजरसाहेबही खूश झाले. त्यांनी मला संस्थेच्या 'नव्या कल्पना' स्पर्धेला पाठवलं. पहिला नंबर आला! लहानूला शाल-नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. अशी चाळीस स्टुलं करायचं ठरलं आणि त्यासाठी समिती नेमली गेली.

तिथेच माझं नशीब फुटलं. कुणी म्हणे चाकं हवीत, कुणी म्हणे बसल्यावर बायका पेंगतील. अध्यक्ष बदलले की समिती बदलायची आणि चर्चा पहिल्यापासून सुरू व्हायची. नमुना खराब होऊ नये म्हणून मला ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे आले की साहेब मला कौतुकाने दाखवत. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. सगुणाबाई दर हंगामाला विचारायला येई आणि "काम चालू आहे" हे ऐकून परत जाई.

२००४ साली ती आली ती काम सोडायला. आता तिला तासभरही उभं राहवत नव्हतं. साहेब मीटिंगमध्ये होते. शिपायाला ती म्हणाली, "दादा, तवर ह्याच्यावर बसू का? माझ्यासाठीच केलं व्हतं ते."

"मावशी, किल्ली साहेबांकडं हाय," तो ओशाळून म्हणाला.

ती कपाटाला टेकून फरशीवर बसली. आमच्यात फक्त काच होती. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो, पण लोखंडाला तेही जमत नाही. साहेब आले, तेव्हा शिपायाने तिला हात धरून उठवलं.

तिच्या जागेवर आता तिची सून छाया उभी असते. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे म्हणे.

मित्रांनो, एखादी चांगली गोष्ट सुचली तर तिला हार घालू नका, वापरा. ती झिजू दे, मोडू दे, मग दुसरी करा. माझं काही आता खरं नाही. पण छायाची कंबर अजून धड आहे.