वायरला हात लावायचा नाही

हेल्पलाइनवर बसणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळून चुकते, की गिऱ्हाईक खोटं बोलतं. बिचारं वाईट मनाने बोलत नाही, लाजेपोटी बोलतं. कीबोर्डवर अख्खा कप चहा सांडलेला असतो आणि ते म्हणतं, मी कशालाच हात लावला नाही हो, आपोआप बंद पडला. सूनबाईला हे तोंडपाठ होतं. कित्येक वर्षं हेडफोन कानाला लावून ती हेच ऐकत आली होती, आणि समोरच्याचा मान राखून त्याच्याकडून खरं काढून घेण्यात त्या ऑफिसात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

सूनबाई हे नाव सासूबाईंनी पाडलेलं. सासरे तिला काहीच म्हणत नसत. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, पण ते तिच्याशी थेट एक वाक्य बोलले असतील तर शपथ. जे काही असेल ते बायकोमार्फत. "तिला म्हणावं, दिवा चालू राहिलाय." आणि ती तिथेच, दोन पावलांवर उभी असायची. माणूस दुष्ट नव्हता. आयुष्य मुख्याध्यापक म्हणून गेलेलं, शिस्तीचा आणि खरेपणाचा पुतळा. पण सूनबाईला त्या घरात अजून पाहुण्यासारखं वाटायचं आणि ते तिच्या मनाला फार लागायचं. बाबांनी एकदा समोर बसवून आपल्याशी चार शब्द बोलावेत, एवढंच तिला हवं होतं.

तिची कंपनी खेळ बनवायची. खेळ तरी कसला, तर मालवाहू जहाज एका बंदरातून काढायचं आणि दुसऱ्या बंदरात नेऊन लावायचं. बंदुका नाहीत, शर्यत नाही, तासन्‌तास नुसतं पाणी. पण जगभरची बंदरं, त्यांचे दिवे, त्यांच्या भरती-ओहोटी असं सगळं आत कोंबलेलं, त्यामुळे तो कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचा म्हणजे दिवस मोडायचा. कंपनीने छापलेलं जहाजांचं कॅलेंडर तिने स्वयंपाकघरात टांगलं होतं. त्याकडे घरातलं कोणी ढुंकून बघत असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

एका दुपारी फोन आला.

"मॅडम, माझी तक्रार तीन मुद्द्यांत आहे. मधे बोलू नका, शंका शेवटी विचारा."

सूनबाईच्या हातातलं पेन गळून पडलं. हा आवाज ती रोज भिंतीपलीकडून ऐकत होती. "बाबा" म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा, पण मधे बोलायची तर बंदी होती. बाबा सांगत गेले. त्यांनी जहाजाचा खेळ विकत घेतला होता. दुपारी इन्स्टॉल करायला लावला की गडी मुकाट कामाला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पडद्यावर लाल अक्षरं, फाईल खराब आहे, पुन्हा सुरुवात करा. एकदा नाही, रोज. तिसरा मुद्दा संपला तेव्हा सूनबाई सावरली आणि तिच्या तोंडून सवयीने हेल्पलाइनचा नेहमीचा प्रश्न गेला, घरात मदतीला कोणी आहे का सर?

"सून आहे. तुमच्याच कंपनीत असते. फार हुशार आहे, मोठ्या हुद्द्यावर असणार. म्हणूनच सांगतो मॅडम, तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये."

झालं, आता बोलायची सोयच उरली नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर फोडायची नाही हा कंपनीचा नियम होता, आणि इथे तर ती स्वतःपासूनच लपवायची होती. आवाजावरून बाबा ओळखतील ही भीतीही व्यर्थ होती. घरात त्यांनी तिच्या तोंडून "हो" आणि "वाढू का" यापलीकडे ऐकलंच काय होतं?

लपवाछपवीचं कारणही त्यांनी दोन दिवसांनी सांगून टाकलं. मुलगा लहान असताना त्याचा व्हिडिओ गेम त्यांनी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. खेळ म्हणजे बुद्धीला लागलेली वाळवी, हे ते शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगत आले होते. मग एके सकाळी चहा पिता पिता कॅलेंडरवरच्या जहाजाने त्यांना डोळा मारला. लहानपणी त्यांना जहाजावर जायचं होतं, चष्म्याने घोटाळा केला. आता या वयात घरच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सूनबाई जिद्दीला पेटली. अँटिव्हायरस बंद करून झाला, डाउनलोड नव्याने करून झालं. घरच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून बाबांनी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली होती, तीही दुकानात नेऊन तपासून झाली. डिस्क ठणठणीत होती.

"सर, रोज तीच फाईल खराब निघते की वेगळी?"

वेगळी, बाबा म्हणाले. परवा एका बंदराचे दिवे, काल दुसऱ्याचा धक्का.

हे महत्त्वाचं होतं. रोज तीच फाईल बिघडली तर माल मुळातच खराब, पण रोज वेगळी बिघडते म्हणजे वाटेत कुठेतरी हिसका बसतोय. तिने वायर बदलायला लावली, मग प्लग बदलायला लावला. ढिम्म फरक नाही. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, अगं, म्हातारा काम चालू असताना वायर उपटत असणार, दुसरं काय? सूनबाईला राग आला. तिने विचारलं होतं ना बाबांना. ते म्हणाले होते, "मॅडम, मी शाळा चालवली आहे. मधेच वायर काढणाऱ्यांतला मी नाही." दुसरं कोणी असतं तर ती गालातल्या गालात हसली असती आणि आणखी दोन प्रश्न विचारले असते. पण बाबा आणि खोटं? तिने तो मुद्दा वहाणेसारखा दाराबाहेर ठेवून दिला.

फोन मात्र रोज व्हायला लागले, आणि तक्रार संपली तरी बाबांचं बोलणं संपेना. पाण्यात वाट दाखवणारा तरंगता लाल बोया कुठल्या हाताला ठेवायचा, मोठ्या जहाजाने लहान होडीला वाट केव्हा द्यायची, हे त्यांनी खेळ सुरू व्हायच्या आधीच पाठ केलं होतं. मॅडमची ते परीक्षा घ्यायचे, आणि चुकलं की पुन्हा समजावून सांगायचे. एकदा मधेच म्हणाले, "मॅडम, दुपार टळून गेली, जेवलात का?" घरी त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. तिला त्या मॅडमचा चक्क हेवा वाटू लागला.

शेवटी न राहवून तिने विचारलं, तुमच्या सूनबाईंशी का बोलत नाही सर?

"विषय सुचत नाही हो," बाबा म्हणाले. "शाळेत मुलांना निदान पाढे तरी विचारता येत. हिला काय विचारू? ती समोर आली की मला वाटतं, आता काहीतरी बोलावं, आणि तेवढ्यात दिवा चालू राहिलेला दिसतो."

इकडे घरात वेगळंच नवल चाललं होतं. सासूबाईंना अचानक सुनेच्या प्रेमाचं भरतं आलं होतं. संध्याकाळी किल्ली कुलपात फिरते न फिरते तोच बैठकीतून हाक यायची, "आलीस का गं सूनबाई!" आणि तीही अशी खणखणीत, की वरच्या मजल्यावरच्यांनी ओ द्यावी. सूनबाई हरखून गेली. आईला फोन करून तिने सांगितलंसुद्धा, की बाबांचं माहीत नाही, पण सासूबाई माझी वाट बघत बसलेल्या असतात.

मग एक दिवस ऑफिसात मीटिंग लांबली आणि तिला घरी पोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला तो आनंदाने फुललेला. रोज खेळ निम्म्यावर अडायचा, काल नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला. आज बघितलं तर फाईल खराबच, पण नव्वद!

"काल वेगळं काय केलंत सर?"

"काही नाही. सगळं रोजच्यासारखंच."

फोन ठेवून सूनबाई विचार करत बसली. बाबांनी वेगळं काही केलं नव्हतं. वेगळं केलं होतं ते तिने, ती उशिरा घरी गेली होती. आणि एकदम तिच्या कानात ती हाक घुमली, आलीस का गं सूनबाई. ते प्रेम नव्हतं. तो भोंगा होता. सासूबाई पहाऱ्यावर बसत होत्या, आणि भोंगा झाला की आत बाबा वायर उपटून डिस्क कपाटात कोंबत होते. चालू कामातून रोज ओढून काढल्यावर फाईल खराब होणार नाही तर काय होईल?

आधी तिला रडू आलं. म्हणजे तेही आपल्यासाठी नव्हतं. मग तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं, सत्याचा पुतळा गरम डिस्क पोटाशी धरून कपाटाकडे पळतोय आणि बाहेर त्याची बायको वाटाणे सोलत साळसूद चेहऱ्याने बसली आहे. तिला इतकं हसू फुटलं की दाढीवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं हे खोटं तिने पाच मिनिटांत पकडलं असतं. बाबांना ती देव्हाऱ्यात बसवून ठेवत होती, तिथे ते सापडणार कसे?

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून फोन लावला.

"सर, आज पुन्हा पहिल्यापासून लावा. फक्त एक करायचं. काही झालं तरी वायरला हात लावायचा नाही. दार वाजलं तरी नाही, कोणी खोलीत आलं तरी नाही."

पलीकडून बाबांचा आवाज आला, पण तो मुख्याध्यापकांचा नव्हता.

"आणि आलेलं माणूस हसलं तर?"

"हसू द्या ना सर. घरातलं माणूस घरात हसणार नाही तर कुठे हसणार?"

संध्याकाळी तिने कुलपात किल्ली फिरवली. भोंगा झाला, नेहमीपेक्षा मोठा. आत काहीच वाजलं नाही. सूनबाई सरळ खोलीकडे निघाली तशा सासूबाई वाटाण्यांचं ताट घेऊन आडव्या आल्या, अगं चहा घे, पाय धू, बाजारातून दूध आण. "आणते आई," असं म्हणून ती त्यांच्या बाजूने आत शिरली.

बाबा खुर्चीत बसले होते. हात वायरवर होता, बोटं पांढरी पडली होती, पण वायर जागच्या जागी होती. पडद्यावर जहाज आणि त्याखाली बावन्न टक्के. त्यांनी तिच्याकडे बघितलं, खोलीत दिवा चालू आहे का ते बघितलं. दिवा बंद होता. मग दुसरा इलाजच उरला नाही.

"हे जहाज आहे," बाबा म्हणाले.

"कुठे निघालंय?" सूनबाईने विचारलं आणि स्टूल ओढून बसली.

बाबांनी वायर सोडली. जहाज कुठे निघालं होतं, हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला. सत्तर टक्के झाले, चहा आला. ऐंशी झाले तेव्हा बोयांची परीक्षा झाली आणि सूनबाईची सगळी उत्तरं बरोबर आली. बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं. सासूबाई दाराला टेकून उभ्या होत्या, त्याही हळूहळू पलंगावर येऊन बसल्या. अखेर शंभर झाले आणि कॉम्प्युटरने विचारलं, फाईल तपासू का? बाबांचा माऊस पडद्यावर भांबावून फिरू लागला.

"घाई नाही सर," सूनबाई म्हणाली, "हिरव्या चौकोनावर एकदाच क्लिक करा."

"हो मॅडम," म्हणत बाबांनी क्लिक केलं.

आणि हात तसाच माऊसवर राहिला. त्यांनी खुर्ची सावकाश वळवली. सूनबाईने पदराशी खेळावं तसा चहाचा कप फिरवला.

"म्हणजे ते सगळं तू..."

"हो बाबा."

"वायरचंही कळलं?"

"काल कळलं."

"आणि मी खोटं बोललो ते?"

"सगळेच बोलतात बाबा. मी रोज ऐकते."

बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसतात कसे हे सूनबाईने कधी बघितलंच नव्हतं. ते आवाज न करता हसत, शाळेतली सवय. डोळ्यांतून पाणी मात्र घळघळा येई. सासूबाईंना काय झालं ते कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांनी सुनेच्या पाठीत एक हलकीशी चापट मारली. उद्यापासून तुला हाक मारायची की नाही, असं त्यांनी विचारलं. सूनबाई म्हणाली, मारायची, मला सवय झालीय. सासूबाई म्हणाल्या, मलाही. अगं, सुरुवात यांच्यासाठी केली, पण चार दिवसांनी मीच घड्याळाकडे बघायला लागले. सूनबाईला पुन्हा रडू आलं, पण हे वेगळं होतं.

तपासणी संपली. एकही फाईल खराब नव्हती. पडदा निळा झाला आणि जहाज धक्क्यावरून हललं. बाबांनी सुकाणू घेतलं, सूनबाईकडे नकाशा दिला, आणि घरात सगळ्यांत खणखणीत आवाज कोणाचा हे लक्षात घेऊन भोंग्याचं बटण सासूबाईंच्या ताब्यात दिलं. त्या ते उगाचच दाबत होत्या.

जहाज बंदराच्या तोंडाशी आलं आणि बाहेर कुलपात किल्ली फिरली. सासूबाई सवयीने ओरडल्या, "आलास का रे!" नवरा घरी आला होता. ज्याचा खेळ एकेकाळी कुलपात गेला, तो. बाबांची आता मुलासमोर फजिती होणार, या एका विचाराने सूनबाईचा हात आपोआप वायरकडे गेला.

बाबांनी तिचं मनगट धरलं.

"मॅडम, वायरला हात लावायचा नाही," ते म्हणाले. मग दुसऱ्या हाताने खिशातली कपाटाची किल्ली काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "त्याचा खेळ खालच्या कप्प्यात आहे. तूच दे त्याला. मी दिला तर मला ओरडा बसेल."