मनगटावरच्या तिरक्या रेघा

नवरा, एर्मेते, गेला त्याला चार महिने झाले, तरी नीवेस बोन्फात्ती अजून रडली नव्हती. इटलीतल्या फेर्रारा शहराच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण समोरच्या इओलेनं ते सगळ्यांना सांगितलं होतं. मयताच्या दिवशी नीवेसनं आल्यागेल्याला कॉफी दिली, पाद्रीबाबांच्या कोटाचं सुटलेलं बटण टाचून दिलं आणि सगळे गेल्यावर नेहमीसारखी भांडी घासून पालथी घातली. पर्समधल्या रुमालाची इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

लोक म्हणायचे, धक्का बसलाय बिचारीला. नीवेसला तसं काही वाटत नव्हतं. धक्का बसला तर माणूस निदान हलतो; हिच्या आत सगळं ढिम्म होतं. जेवणाची चव कळायची नाही, पण ती जेवायची. झोप यायची नाही, पण ती वेळेवर आडवी व्हायची. भीती मात्र एक होती, आणि ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. एकोणपन्नास वर्षं या माणसाबरोबर काढली आणि डोळ्यांतून टिपूस येत नाही, म्हणजे आपल्या दोघांत मुळात काही नव्हतंच की काय?

मुलगी, मोरेना, एका रविवारी टॅब्लेट घेऊन आली. तिच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक ॲप असतं.

"यात सगळी मोठमोठी चित्रं आहेत, आई. पॅरिसची, माद्रिदची, आपल्याकडची. दोन बोटं अशी फाकवलीस की चित्र जवळ येतं. बाबांना किती आवडलं असतं!"

"काही आवडलं नसतं," नीवेस म्हणाली. "काचेवर बोटं घासू नका म्हणून ओरडला असता."

तरी ती रोज दुपारी ते उघडून बसायला लागली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. इओलेही विणकाम घेऊन शेजारी येऊन बसायची आणि फुकटचे शेरे मारायची.

"ही तुमची मोनालिसा होय? हिच्या भुवया कुठं गेल्या? अगदी आमच्या नणंदेसारखी हसते बघ. जेवायला थांबा म्हणते आणि ताट मांडत नाही."

नीवेसनं दोन बोटं फाकवली. गाल जवळ आला, आणखी जवळ आला आणि उन्हात तडकलेल्या चिखलासारखा दिसायला लागला. मग तिनं दूध ओतणारी मोलकरीण पाहिली. तिच्यामागच्या भिंतीत एक खिळा होता आणि दोनचार भोकं. ही भिंत लिंपून घ्यायला हवी, एवढंच नीवेसच्या मनात आलं. शिंपल्यावर उभी राहिलेली व्हीनस पाहून तेवढंही आलं नाही. बाजारातल्या दुकानाची जाहिरात चाळावी तशी ती जगातली थोर चित्रं चाळत होती.

खरं तर चित्रं जवळून कशी बघायची हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एर्मेतेनं जन्मभर तेच केलं होतं. जुन्या चित्रांत जिथं रंग झडलाय तिथं तो नवा भरायचा, आणि तोही लबाडीनं नाही. केसाहून बारीक रेघा, एकीशेजारी एक, सगळ्या उभ्या. लांबून डोळा त्या जोडून घेतो, जवळ गेलं की कळतं, हे जुनं आणि हे भरलेलं. साध्या पाण्याच्या रंगात, म्हणजे उद्या कुणाला पटलं नाही तर ओल्या कापसानं पुसता यावं. "माझं काम पुसता येतं म्हणूनच ते काम आहे," असं तो पाहुण्यांना ऐकवायचा. आणि रेघ उभी म्हणजे उभीच. एका सहकाऱ्याचं आठवडाभराचं काम त्यानं एका तिरक्या रेघेपायी पुसून टाकलं होतं, आणि वर त्यालाच कापूस आणायला पाठवलं होतं.

अडतीस वर्षांपूर्वी सान तेरेन्त्सिओच्या देवळातलं घोषणेचं चित्र त्याच्याकडे आलं होतं, देवदूत मरियमला निरोप सांगतो ते. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणी, देवदूताच्या मनगटावरची टपालाच्या तिकिटाएवढी जागा भरायची राहिलेली, आणि एर्मेते तापानं फणफणलेला. दुपारी नीवेस त्याच्या कामाच्या जागी रस्सा घेऊन गेली तेव्हा तो खुर्चीतच झोपला होता. रंग कालवून ठेवलेले होते. ती लोकांच्या विजारी आखूड करून देणारी शिवणकाम करणारी बाई. पण हात तिचाही बारीक होता. ती बसली आणि दोन तासांत तिनं ते मनगट भरलं.

एर्मेते उठला. भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिला. छान, वाईट, काहीच बोलला नाही. "उद्या सकाळी बघतो," एवढंच म्हणाला.

त्याचं 'बघतो' म्हणजे ओला कापूस, हे तिला माहीत होतं. त्यानंतर ती त्याच्या कामाच्या जागी कधी गेली नाही, आणि का येत नाहीस म्हणून त्यानं कधी विचारलं नाही. दोघंही एकाच मातीचे हट्टी. चित्र वेदीवर उंच जाऊन बसलं. सणाला ती खालून बघायची, तर देवदूताचं मनगट गुळगुळीत. छान पुसून छान भरलंन मेल्यानं, असं ती मनाशी म्हणायची. त्यात भर म्हणून दर वसंतात तो शिडी लावून ते चित्र तपासायला जायचा आणि घरी येऊन, कुणी विचारलेलं नसताना, ताटावर बसल्या बसल्या सांगायचा, "सान तेरेन्त्सिओचं ठीक आहे. कुठंही हात लावावा लागला नाही." नीवेसला ते दरवर्षी नव्यानं झोंबायचं.

मंगळवारी फोन आला. फियाम्मेत्ता नावाची बाई बोलत होती. एर्मेतेसारखंच जुन्या चित्रांचं काम करणारी, पण आवाजावरून तिशीची.

"सिन्योरा बोन्फात्ती, सान तेरेन्त्सिओचं चित्र साफसफाईसाठी खाली उतरवलंय. तुमच्या यजमानांचं काम इतकं पक्कं आहे की सगळं तसंच ठेवतोय. फक्त एका जागी अडलंय. त्यांनी भरलेल्या जागांपैकी एकसष्ट नंबर, देवदूताचं मनगट. कामाच्या नोंदवहीत सही त्यांचीच आहे, पण रेघा तिरक्या आहेत."

नीवेसनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? त्यांचा हात असेल तर राहील. दुसऱ्या कुणी लुडबूड केली असेल तर पुसून नव्यानं भरावं लागेल, नियमच आहे. तुम्हाला काही आठवतंय का? नवे फोटो त्या चित्रांच्या ॲपमध्ये चढवलेत, बघा सवडीनं. मी गुरुवारी वही घेऊन येते."

इओले त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, ते बरं झालं. नीवेसनं चित्र शोधलं. दोन बोटं फाकवली. पंख, बाही, बाहीची सोनेरी किनार. आणखी फाकवली.

तिरक्याच होत्या. वरून खाली उजवीकडे कललेल्या, एकसारख्या, विजारीच्या आतून दुमड घालताना टाके पडतात तशा. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं तिनं ते ओळखलं. मधे एका जागी दोन रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. तिथं खुर्चीत एर्मेते खोकला होता आणि ती दचकली होती.

त्यानं पुसलं नव्हतं. तपासणीच्या सकाळी अंगात ताप असताना तो सगळ्यांच्या आधी गेला होता, आणि ज्या वहीत त्यानं जन्मात एक खोटं अक्षर लिहिलं नाही त्या वहीत एकसष्ट नंबरपुढं त्यानं स्वतःची सही ठोकली होती. मग दरवर्षी शिडी चढून भिंगातून हेच बघून यायचा. कुठंही हात लावावा लागला नाही. तो घरी येऊन तिला तेच सांगत होता, अडतीस वर्षं, आणि ती प्रत्येक वेळी उठून नळ मोठा सोडत होती.

तोंडानं सांगायला काय झालं होतं गाढवाला, तिच्या मनात आलं. रडू तेव्हाही आलं नाही. टॅब्लेटचा पडदा आपोआप काळा झाला तरी ती तशीच बसून राहिली.

गुरुवारी फियाम्मेत्ता सायकलवरून आली, जाडजूड वही पिशवीत घालून. नीवेसनं कॉफी ठेवली. दोन दिवस तिनं एकाच गोष्टीचा विचार केला होता. खरं सांगितलं तर वहीत तिचं नाव लागेल आणि मनगट पुसलं जाईल. खोटं सांगितलं तर मनगट राहील आणि नाव एर्मेतेचंच राहील.

"काही आठवलं का?" फियाम्मेत्तानं वही उघडून विचारलं.

"त्याचाच हात आहे," नीवेस म्हणाली. "त्या दिवशी ताप होता त्याला. एकोणचाळीस डिग्री. म्हणून तिरकं गेलं."

"ताप?" फियाम्मेत्तानं फोटो पुढं ओढला. "सिन्योरा, तापातला हात असा चालत नाही. यातली रेघन् रेघ किती जपून मारलीय बघा. शिवल्यासारखी."

बोलता बोलता तिचं बोट टेबलक्लॉथच्या कडेवर गेलं आणि तिथंच थांबलं. दुमडीवर नीवेसचे टाके होते, उजवीकडे कललेले. फियाम्मेत्तानं ते पाहिले, फोटो पाहिला, मग नीवेसकडे पाहिलं. नीवेस कॉफीत साखर ढवळत होती. ती साखर घेत नसे.

"सही कुणाची आहे वहीत?" नीवेसनं खाली बघतच विचारलं.

"त्यांची."

"मग? एर्मेते बोन्फात्ती खोटी सही करेल?"

"छे," फियाम्मेत्ता म्हणाली. "ते कसे करतील."

तिनं पेन काढलं, एकसष्ट नंबरपुढं आजची तारीख घातली आणि लिहिता लिहिता, स्वतःशीच म्हणावं तसं, मोठ्यानं वाचलं, "ठीक आहे. कुठंही हात लावायचा नाही."

नीवेसचा चमचा थांबला. मग आतून काहीतरी असं जोरात वर आलं की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. फियाम्मेत्ता घाबरून उठली, पाणी आणू का म्हणाली. नीवेसनं मानेनंच नको म्हटलं. पर्स आतल्या खोलीत होती, रुमाल पर्समध्ये होता, आणि तिच्यानं उठवेना. तेव्हा तिनं टेबलक्लॉथचीच कड उचलून डोळ्यांना लावली.