अतिप्रगत वर्ग

क्लबात टेनिसचे तीन वर्ग होते: प्राथमिक, मध्यम आणि प्रगत. कोणाला कुठे घालायचं ते कोच ठरवायचा, आणि त्या बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही अशी त्याची ख्याती होती. डॉक्टर असो की पोलीस अधिकारी, आधी खेळून दाखवा, मग बोलू. बायकोच्या बापाचं मात्र त्याला ऐकावं लागलं.

सासरे पाणीपुरवठा खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. कुठल्या भागाला पाणी सोडायचं आणि कुठला भाग कोरडा ठेवायचा हे आयुष्यभर ठरवलेल्या माणसाला घरात नुसतं बसवेना. लेकीकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट, पांढरी चड्डी अशा थाटात कोर्टावर हजर झाले. मागून सासूबाई, टॉवेल आणि पाण्याची बाटली सांभाळत.

"मला प्रगतमध्ये घाला," सासरे म्हणाले.

"बाबा, आधी जरा थोडं खेळून…"

"जावईबापू, मी टीव्हीवर आजवर एकही फायनल चुकवलेली नाही. आता या वयात काय रॅकेट कुठून धरायची ते शिकू?"

हे बोलताना त्यांनी रॅकेट माशा मारायच्या जाळीसारखी धरली होती. कोचला ते दिसलं. पण संध्याकाळी याच गृहस्थांच्या समोर बसून जेवायचं आहे, हेही त्याला दिसलं. तो म्हणाला, "बरं."

सासूबाईंनी काहीच मागितलं नव्हतं. बाकावर बसून पाय आखडतात एवढंच त्या म्हणाल्या, म्हणून कोचने त्यांना प्राथमिकमध्ये, दुधाचे दात पडणाऱ्या पोरांच्या रांगेत उभं केलं.

प्रगत वर्गात एक शाळकरी मुलगी होती. तिची सर्व्हिस अशी सुटायची की सगळे तिला तोफ म्हणत. तोफेने पहिला चेंडू टाकला तो मागच्या जाळीवर आदळून परत सासऱ्यांच्या पायाशी आला, तेव्हा त्यांनी रॅकेट उचलली.

"वारा आडवा आहे," ते म्हणाले.

मग कधी ऊन डोळ्यावर आलं, कधी तारा सैल निघाल्या, कधी चेंडूच शिळा होता. एकदा मात्र रॅकेट आणि चेंडू यांची गाठ पडली. चेंडू कँटीनच्या छपरावरून जाऊन क्लबच्या सेक्रेटरींच्या गाडीवर पडला. "ताकद आहे अजून," सासरे समाधानाने म्हणाले.

आठवडाभराने तोफ कोचजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, आजोबांकडे मारायचं की आजोबांना वाचवून मारायचं, ते एकदा नक्की सांगा. माझा खेळ बिघडतोय."

कोच घरी आला. बायको कपड्यांना इस्त्री करत होती.

"तूच सांग ना तुझ्या बाबांना," तो म्हणाला.

"कोच तू आहेस की मी?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून त्याने सासऱ्यांना बाजूला घेतलं. "बाबा, खरं सांगायचं तर प्रगत वर्ग तुमच्यासाठी नाही."

सासऱ्यांची एक भुवई वर गेली. त्या भुवईने खात्यातले कितीतरी इंजिनिअर गारद केले होते. कोचची जीभ घसरली.

"म्हणजे, त्याच्या वरचा एक वर्ग आहे. अतिप्रगत. तिथे आम्ही कोणालाही घेत नाही."

"किती जण आहेत?"

"तुम्ही पहिलेच."

भुवई खाली आली.

अतिप्रगत वर्ग कडेच्या कोर्टावर सुरू झाला. मोठे खेळाडू शेवटी मुळाकडे वळतात, असं कोचने सांगितलं. आधी पकड, मग खांदा, मग पाय. चेंडू सर्वांत शेवटी. सासरे खूश झाले. रोज हवेत रॅकेट फिरवून घाम गाळायचे आणि नंतर कँटीनमध्ये चहा पिता पिता भेटेल त्याला या वर्गाची माहिती द्यायचे.

ती माहिती तोफेच्या आईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. "माझी मुलगी इतकी वर्षं प्रगतमध्ये कुजतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही वरचा वर्ग काढून तो घरच्या माणसाला दिलात?"

तिच्या मागोमाग एक दंतवैद्य आला, त्याच्या मुलासाठी. मग सेक्रेटरी स्वतः आले. त्यांचं म्हणणं, असा वर्ग असेल तर दाराशी पाटी का नाही? खोटं बोलायला एक वाक्य पुरलं होतं, निस्तरायला वाक्यच सापडेना. पुढच्या शनिवारी क्लबातले सगळे चांगले खेळाडू कडेच्या कोर्टावर चेंडूशिवाय रॅकेट फिरवत होते आणि सासरे त्यांच्यामधून हात पाठीशी बांधून फिरत होते. "खांदा," ते तोफेला म्हणाले. "खांद्याकडे लक्ष द्या." जाळीबाहेर पालक कौतुकाने बघत होते. एवढे खूश पालक कोचने उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

तेवढ्यात आपला वर्ग आटोपून सासूबाई आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"अहो, हे तर आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं," त्या म्हणाल्या.

"ते वेगळं," सासरे म्हणाले.

"वेगळं काय त्यात? रॅकेट मागे, खांदा आडवा, पाय पुढे. शब्दसुद्धा तेच. आम्हाला वर चेंडू देतात, एवढाच काय तो फरक."

सगळ्या रॅकेटी हवेतच थांबल्या. तोफ आपल्या बुटांच्या नाड्या बघू लागली.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हे काय आहे?"

"बाबा, मी घाबरलो."

"कोणाला?"

"तुम्हाला."

सासऱ्यांनी रॅकेट पिशवीत घातली, चेन ओढली आणि सावकाश चालत फाटकाबाहेर गेले. तोफेची आई जाळीतून विचारत होती, "मग आता आमच्या मुलीचा वर्ग कोणता धरायचा?"

त्या दिवशी सगळे जेवायला बसले. बायको नवऱ्याकडे रोखून बघत होती. शेवटी सासरेच बोलले.

"खात्यात मला कोणी खरं सांगायचं नाही. टाकी कोरडी ठणठणीत असली तरी 'भरतेय साहेब' म्हणायचे. मी सही करायचो. आणि तिकडे लोक बादल्या घेऊन रस्त्यावर." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुम्हीही त्यातलेच निघालात, याचं वाईट वाटलं."

कोचला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"उद्या माझी परीक्षा घ्या. सगळ्यांची घेता तशी."

सकाळी कोचने एकेक चेंडू टाकला. सासऱ्यांनी जीव तोडून रॅकेट फिरवली. काही चेंडू जाळीत गेले, काही शेजारच्या कोर्टावर, बरेचसे तसेच निघून गेले. सासरे धापा टाकत जाळीशी आले आणि थांबले. भुवई तयारीतच होती.

"प्राथमिक, बाबा," कोच म्हणाला. आवाज थोडा चिरका निघाला, पण निघाला.

सासरे मान हलवून पोरांच्या रांगेकडे गेले. "इकडून नाही, मागून उभे राहा," सासूबाई म्हणाल्या. ते मागे गेले. पुढच्या मुलीने वळून विचारलं, "आजोबा, तुमचा पहिलाच दिवस का?"

"हो," सासरे म्हणाले.

हळूहळू त्यांचे चेंडू जाळीपलीकडे पडायला लागले. तोवर सासूबाई मध्यम वर्गात गेल्या होत्या. ते पचवायला सासऱ्यांना दोन दिवस लागले. पण मग संध्याकाळी दोघं कडेच्या कोर्टावर खेळू लागली. एका संध्याकाळी चेंडू खरंच दोघांमध्ये येत-जात राहिला, आणि शेवटी सासूबाईंनी तो असा कोपऱ्यात मारला की सासरे जागेवरच राहिले.

"आत," सासूबाई म्हणाल्या.

"बाहेर," सासरे म्हणाले.

दोघांनी कोचकडे पाहिलं. खरं बोलायची सवय त्याला नुकतीच लागली होती.

"बाहेर," तो म्हणाला.

सासूबाई पुढचे चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.